जिनिंगातले सुपरवायझर

भुवयांवरचा कापूस दोन बोटांनी उडवायचा आणि मगच बोलायचं, ही त्यांची सवय. "माणसं हायेत माझ्या हाताखाली," हे वाक्य दिवसातून एकदा यायचंच. तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल. आमच्या मस्तगडात त्यांना सगळे सुपरवायझर म्हणत. कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाने पगारवाढीऐवजी त्यांना हे नाव दिलं होतं, आणि एक लाकडी खुर्ची.

"दादा, रोज इतका उशीर?" माझी बायको विचारायची.

"टाइम मजुराला, वहिनी. सुपरवायझरला कसला टाइम?"

मी तेव्हा कामगार खात्यात नवा तपासनीस. जादा तासांचे दुप्पट पैसे कामगाराला मिळत, देखरेख करणाऱ्याला नाहीत. म्हणून कारखानदार भलत्यालाच सुपरवायझर करीत. हुद्दा नव्हे, काम बघा, असं आम्हाला शिकवलं होतं.

तपासणीला गेलो तेव्हा त्यांच्या खुर्चीवर रिकामी पोती होती आणि ते स्वतः यंत्रात कापूस सारत होते.

"माणूस ठेवणं, काढणं तुमच्याकडे?"

"मालकाकडं."

"सुट्टी?"

"देतो मुनीम. पण मागायची माझ्या तोंडून!"

मी लिहायला घेतलं तसा त्यांनी माझा हात धरला. "साहेब, जल्दी करू नका. पोरीची सोयरीक चालू हाय. सुपरवायझर म्हणून सांगून राह्यलो मी. पैसा नको, नाव तेवढं राहू द्या."

"बघा, त्यांचंच म्हणणं हाय," मागे उभा असलेला मुनीम हसला.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी ठसक्यात मोठ्याने वाचून दाखवलं, "कामगार." सगळे मजूर ऐकत होते. कायद्याने तेच बरोबर होतं आणि आजही मी तेच लिहीन. पण मुनिमावरचा राग मी एका मुलीच्या बापावर काढला, हे अजून सलतं.

त्यांना जादा पैसे मिळू लागले. खुर्ची कचेरीत गेली. सोयरीक मात्र मोडली नाही. टेंभुर्णीच्या त्या लग्नाला मी भीतभीतच गेलो. पंगतीत ते लाडू वाढत येत होते. शेजारच्या पाहुण्याने मला विचारलं, "नवरीचे वडील काय करतात?"

"जिनिंगात सुपरवायझर आहेत," मी घाईने म्हणालो.

ते आमच्यासमोरच पोचले होते. "न्हाई पाव्हणं, कामगार. ह्यांनीच तपासलंय, बराबर."

आज ते नाहीत. त्यांचा आवाज तेव्हा कसा होता, हे मी पुष्कळदा आठवून पाहतो. नीट आठवतं ते एवढंच, की मी नको म्हणत असताना त्यांनी माझा हात बाजूला सारून पानात आणखी एक लाडू ठेवला.