सत्तेचाळीस नंबरची निवृत्ती

आमच्या मंडळाचा कबड्डी संघ तीन हिवाळे अमेरिकन फुटबॉलचे शर्ट घालून खेळला, हे आज सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही. तेव्हा ते अमेरिकन फुटबॉलचे आहेत हे आम्हालाही माहीत नव्हतं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात परदेशी पाठवायचे कपडे शिवले जात. आमच्या वस्तीतल्या पाच-सहा बायका तिथे मशीनवर होत्या. शिलाई चुकलेला, डाग पडलेला माल 'एक्स्पोर्ट रिजेक्ट' म्हणून बाजूला निघायचा आणि कामगारांना स्वस्तात मिळायचा. असे बारा शर्ट एकदा आमच्याकडे आले. जाड जाळीचं कापड, गर्द निळा रंग, छाती-पाठीवर दुकानाच्या पाटीसारखे ठळक पांढरे आकडे.

खांदे मात्र एवढे रुंद, की एका शर्टात आमचे दोन खेळाडू आरामात मावले असते. अमेरिकेत माणसं दूध-लोणी खाऊन अशी होत असणार, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि शर्ट गल्लीतल्या टेलरकडे बारीक करायला दिले. त्याने अकरा शर्टांना शिलाई मारली. बारावा आठ नंबरचा होता. तो राखीव म्हणून तसाच राहिला, कारण टेलर मध्येच गावाला गेला आणि परत आल्यावर आमचं काम त्याला आठवेना.

सत्तेचाळीस नंबर दादाने घेतला. दादा हा आमचा मुख्य चढाईपटू, आणि खरं पाहता मंडळाचा जन्मदाताही. वस्तीमागच्या मोकळ्या जागेतले दगड वेचून, माती चाळून पहिली मध्यरेषा त्यानेच आखली होती. मूळचा मालवणकडचा. परळच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता आणि गिरणीच्या संघातून खेळायचा. पुढे संप झाला, संप कधी संपला ते कोणालाच कळलं नाही, आणि दादाची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. आता तो अंधेरीतच एका गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्यांना कड्या बसवायचा. त्याची बायको, आम्हा सगळ्यांची वहिनी, त्या कपड्यांच्या गाळ्यात आकडे शिवायच्या मशीनवर होती. सत्तेचाळीसचा सात तिनेच वाकडा शिवला होता, असं ती स्वतःच हसत सांगायची.

दादा चाळिशीला टेकला होता. गुडघ्याला पट्टा आला होता. चढाईला तो पूर्वीसारखाच जायचा, परत यायला मात्र वेळ लागायला लागला होता, आणि कबड्डीत सगळी करामत परत येण्यातच असते. इकडे पार्ल्याच्या कॉलेजात शिकणारा एक विशीतला पोरगा संघात आला होता. तो जायचा कधी आणि यायचा कधी ते पंचांनाही नीट दिसत नसे. पहिल्या चढाईला आता त्याला पाठवावं, असं कार्यकारिणीतल्या प्रत्येकाचं मत होतं. पण दादाला सांगायचं कोणी? या विषयावर बैठका व्हायच्या, चहा यायचा आणि विषय पुढच्या बैठकीवर जायचा. मी मंडळाचा चिटणीस असल्यामुळे 'सदर विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले' हे वाक्य मला पाठ झालं होतं.

आमचे अध्यक्ष पिठाच्या गिरणीचे मालक होते. प्रत्येक महापालिका निवडणुकीत आपल्याला तिकीट मिळणार, अशी त्यांची आणि फक्त त्यांचीच खात्री असे. सत्काराचा त्यांना भारी शौक. दहावी पास झालेली पोरं, नळखात्याचे साहेब, रेशन दुकानदार, कोणीच सुटलं नव्हतं. वस्तीत पोस्टाची नवी लाल पेटी बसली तेव्हा त्यांनी तिलाही एवढा मोठा हार घातला, की तो वाळेपर्यंत कोणाला पत्र टाकता आलं नाही.

त्या डिसेंबरात अध्यक्षांचे मेव्हणे अमेरिकेहून महिनाभरासाठी आले. इंजिनियर, सरळ आणि मितभाषी माणूस. संध्याकाळी आमचा सराव बघायला आले आणि मैदानाच्या कडेलाच थबकले. हे शर्ट कुठून मिळाले, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मग खुलासा केला. तिकडच्या फुटबॉलमध्ये खेळाडू खांद्यावर घोड्याच्या खोगिरासारखं काहीतरी बांधतात, डोक्याला हेल्मेट घालतात आणि त्यावरून हा शर्ट चढवतात. आमच्या दूध-लोण्याच्या सिद्धांताचा असा शेवट झाला.

ते थांबले नाहीत, किंवा आम्हीच त्यांना थांबू दिलं नाही. तिकडे फुटबॉल म्हणतात, पण चेंडूला पाय क्वचित लागतो. चेंडूही गोल नसतो. दर थोड्या वेळाने खेळ थांबतो आणि सगळे खेळाडू डोकी जवळ आणून मसलत करतात. म्हणजे अगदी आपल्या कार्यकारिणीसारखं, असं मी म्हणालो, ते अध्यक्षांना आवडलं नाही. संघांची नावं जंगली प्राण्यांवरून आणि पक्ष्यांवरून ठेवतात. आमच्याकडे सगळे संघ देवांच्या नाहीतर शूरवीरांच्या नावाचे, त्यामुळे हरल्यावर नाव कोणाचं खराब होतं हा प्रश्न तिकडे येत नसावा. अकरा वर्षं तिथे राहून आपल्याला हा खेळ निम्माच कळतो, हेही मेव्हण्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ऑफिसातले लोक रविवारी बघतात, सोमवारी त्यावरच बोलतात, म्हणून आपणही बघतो.

अध्यक्ष खरे जागे झाले ते मानसन्मानाच्या गोष्टी सुरू झाल्यावर. सगळ्यांत थोर खेळाडूंचे तिकडे ब्राँझचे अर्धपुतळे करून एका इमारतीत मांडतात, आणि ते खेळाडू ते बघायला स्वतः येतात. जिवंतपणी पुतळा ही कल्पना अध्यक्षांना फार भावली. थोरांना सोनेरी रंगाचा कोटही देतात म्हणे. आणि एखादा खेळाडू फारच मोठा असेल, तर त्याचा संघ त्याचा नंबर कायमचा निवृत्त करतो. तो आकडा त्या संघात पुन्हा कोणी घालायचा नाही.

अध्यक्षांनी नंबरची ती गोष्ट मेव्हण्यांना पुन्हा सांगायला लावली. दुसऱ्याचं ऐकून घेणं त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे आम्ही सगळे सावध झालो.

दुसऱ्याच दिवशी बैठक झाली आणि पहिल्यांदाच विषय पुढे ढकलला गेला नाही. दादाचा सत्तेचाळीस नंबर निवृत्त करायचा. शर्ट काचेच्या फ्रेममध्ये घालून मंडळाच्या खोलीत लावायचा. नंबरच राहिला नाही की दादा मैदानात उतरणार कसा? कोणाला काही बोलावं लागणार नाही, उलट शाल-श्रीफळ मिळेल. शिवाय सत्तेचाळीस हे स्वातंत्र्याचं साल, तेव्हा कार्यक्रमाला राष्ट्रीय रंगही येईल. घाटकोपरच्या संघाशी आमचा मोठा सामना होता, त्याच्या आदल्या संध्याकाळचा मुहूर्त ठरला. प्रमुख पाहुणे अर्थातच मेव्हणे.

निमंत्रण द्यायला मी गेलो तेव्हा दादा कामावर होता. वहिनीने कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. ती एरवी चेष्टेखेरीज बोलत नसे.

"म्हणजे त्यांना यापुढे खेळायला घ्यायचं नाही, असंच ना?"

तसं नाही, हा सन्मान आहे, अमेरिकेत फार मोठ्या माणसांना देतात, असं मी सांगितलं.

"भावोजी, गिरणीनं थांबवलं तेव्हा पण कोणी विचारलं नव्हतं. पण तिनं निदान हार तरी घातला नव्हता."

मी चहा न घेता निघालो. कार्ड मात्र तिने ठेवून घेतलं.

कार्यक्रमाला गर्दी चांगली जमली. लाऊडस्पीकर होता, बॅनर होता, बॅनरवर अध्यक्षांचा फोटो दादाच्या फोटोपेक्षा थोडा मोठा होता. दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टेजवर बसला होता, हात मांडीखाली घालून, रेल्वेच्या बाकावर बसल्यासारखा. वहिनी पुढच्या रांगेत होती. अध्यक्ष बोलले. त्यांच्या भाषणात क्रीडा, संस्कृती, नालेसफाई आणि येती निवडणूक या क्रमाने विषय आले. मग शाल झाली, श्रीफळ झालं, आणि फ्रेमवरचा कागद काढला गेला. काचेआड सत्तेचाळीस नंबर इस्त्री करून ताणून बसवला होता. वाकडा सात तेवढा सरळ झाला नव्हता. टाळ्या पडल्या. त्यानंतर मेव्हण्यांनी मोजक्या शब्दांत तिकडची प्रथा समजावून सांगितली.

दादाने माइक मागितला. सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलावेत ही रीतच होती, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. पण तो लोकांकडे न बघता मेव्हण्यांकडे वळला.

"साहेब, एक विचारू? तिकडे आधी माणूस थांबतो की नंबर?"

मेव्हणे इंजिनियर होते. विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणं एवढंच त्यांना माहीत.

"माणूस," ते म्हणाले. "तो स्वतः खेळ सोडतो. नंबरचं सगळं नंतर, कधीकधी बऱ्याच वर्षांनी."

"खेळत असताना कोणाचा काढून घेतात?"

"नाही हो. खेळत असताना कसा काढतील?"

अध्यक्षांनी मेव्हण्यांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती फक्त सख्ख्या नात्यातच चालते. दादा आमच्याकडे वळला. मंडळी, मुहूर्त थोडा चुकलाय, एवढंच तो शांतपणे म्हणाला. मग शहरी मराठी सोडून तो सरळ मालवणीत शिरला.

"मी खंय थांबलंय अजून? ह्यो शर्ट ठेवा तुमी. माका दुसरो द्या."

आधी वहिनी हसली, मग मागची पोरं, मग सगळं मैदान. पार्ल्याचा तो पोरगा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. त्याच्यासाठी आम्ही हा घाट घातला होता, आणि त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसरा म्हणजे आठ नंबर. तो टेलरच्या हाताखालून गेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी घाटकोपरविरुद्ध दादा उतरला तो तंबूत शिरल्यासारखा. बाह्या कोपराच्या खाली, खांदे दंडावर. मेव्हणे कडेला उभे होते. मूळ मापाचा शर्ट बघून त्यांना परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं असावं, ते सारखे हसत होते.

इथे दादाने सामना एकहाती जिंकून दिला असं लिहायला मला आवडलं असतं. पहिल्याच चढाईत त्याला चौघांनी मिळून पाडलं. पंचांना थोडा वेळ फक्त शर्ट दिसत होता. बाहेर बसून परत आला, दुसऱ्या चढाईत रिकामा परतला. अध्यक्ष माझ्याकडे 'बघा' अशा अर्थाने पाहत राहिले. मध्यंतरात दादा कप्तानाशी काहीतरी बोलला आणि दुसऱ्या डावात तो चढाईला गेलाच नाही. डाव्या कोपऱ्यात उभा राहिला. पहिली चढाई पोराकडे गेली, कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय. घाटकोपरचा उंच चढाईपटू त्या भल्यामोठ्या शर्टाला हसत कोपऱ्याकडे आला, आणि त्या कापडाखालून दोन हात निघून त्याच्या घोट्याला कधी बसले ते त्याला कळलं नाही. सामना आम्ही तरीही हरलो. पण तो उंच माणूस पुन्हा त्या कोपऱ्याकडे फिरकला नाही.

दादा तो हिवाळा खेळला, पुढचाही खेळला. टेलरने शर्ट बारीक करून देतो म्हटलं, तेव्हा राहू दे म्हणाला.

मग मुलुंडला एका रविवारी साधा मैत्रीचा सामना होता. बघायला मोजकी माणसं, कडेला एक शेंगदाणेवाला, आणि आमचा संघ आरामात पुढे. दादाने एक पकड केली, बऱ्यापैकी. उठला, गुडघ्यावरची माती झटकली, कप्तानाला काही सांगितलं आणि बाहेर राखीव म्हणून बसलेल्या एकाला आत पाठवलं. माझ्याशेजारी येऊन बसला. पट्टा सोडला, गुंडाळून खिशात घातला. दुखतंय का, मी विचारलं. नाही म्हणाला. मला वाटलं, दम घेतोय. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आला तो वहिनीबरोबर, इस्त्रीच्या शर्टात, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मुलुंडला मी काय पाहिलं होतं.

त्या दिवशी तो आमच्यातच बसला. पार्ल्याचा पोरगा चढाईला गेला, आणि दादा जागेवरून अर्धा उठून "उजवीकडं बघ रे, उजवीकडं," म्हणून ओरडला. पोराने उजवीकडे बघितलं आणि डावीकडून पकडला गेला. वहिनीने दादाकडे नुसतं पाहिलं. तो तिच्या हातातल्या पुडीतले शेंगदाणे घेऊन मुकाट खायला लागला.