शिरगणतीतून गाळलेली गल्ली

मला मोडी वाचता येते, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. एका म्हाताऱ्या माणसाचा मोडी कागद मी मुद्दाम खोटा वाचून दाखवला, हे कोणालाच ठाऊक नाही. बायकोलाही नाही.

आमची वस्ती उज्जैनच्या कडेला. पूर्वी वेगळं गाव होतं, आता शहरानं पोटात घेतलंय. दरबाराच्या काळात इथं घोड्यांची पागा होती. पागेबरोबर दक्षिणेतून माणसं आली. लिहिणारे कारकून आले, आणि घोड्यांना खरारा करणारे, दाणापाणी बघणारे मोतद्दारही आले. कारकून पुढच्या रस्त्याला राहिले, मोतद्दार मागच्या गल्लीत. पागा मोडली तरी ही मांडणी काही मोडली नाही. पुढे नोकरीपायी रेल्वेतले, बँकेतले, शाळेतले मराठी लोक येत गेले, तेही पुढेच राहिले. मागचे लोक मिलमध्ये लागले. मिल बंद पडल्यावर कोणी ऑटो घेतली, कोणी माधव नगरच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला.

काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळानं ठरवलं, की वस्तीचा इतिहास आणि मराठी घरांची शिरगणती अशी एक पुस्तिका काढायची. मी शाळेत इतिहास शिकवतो, काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मी ते मागून घेतलं. मूळ गाव कोणतं, कोण केव्हा आलं, आज घरात माणसं किती, असं विचारत मी रविवारी घरोघर हिंडायचो. प्रत्येक घरी पोहे. "मास्साब, आमचं नीट लिहा हं," असं म्हणत वरून शेवेची आणखी एक मूठ.

एक गोष्ट इथंच कबूल करतो. इतिहासाचं पहिलं वाक्य मी हिंडायला निघण्याआधीच लिहून ठेवलं होतं. आमचे मूळपुरुष दक्षिणेतून कलम घेऊन आले, असं ते वाक्य. आमच्या घरी ते वडील म्हणत, त्यांचे वडील म्हणत. मी फक्त कागदावर उतरवलं.

मागच्या गल्लीत मी सगळ्यात शेवटी गेलो. अकरा घरं. शेवटच्या घरात मिलमधून निवृत्त झालेले एक आजोबा आणि त्यांची नात. नात नर्सिंग शिकत होती. आजोबांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः पायरीवर बसले. वर बसा म्हटलं तर म्हणाले, "इथं हवा आहे."

मग त्यांनी पेटीतून कापडात गुंडाळलेला कागद काढला.

"मास्साब, हा पागेच्या वेळचा आहे म्हणतात. आमच्यात मोडी कोणाला येत नाही. मराठीच आता अर्धी हिंदी झालीय, मोडी कुठून येणार. जरा बघून सांगा न."

"कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"मंडळाच्या पंगतीला आम्हाला नका येऊ असं कोणी म्हणत नाही. पण या असं पण म्हणत नाही. पुस्तकात आमची गल्ली आली, की बुलावा येईल. मला एकदा बुलाव्यानं जाऊन बसायचंय. बस."

मी कागद उलगडला. मोतद्दारांची यादी होती. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, मूळ गाव. चौथी आणि पाचवी ओळ दोन सख्ख्या भावांची होती. चौथ्या ओळीतलं नाव आजोबांच्या मूळपुरुषाचं. ते त्यांनी मला थोड्याच वेळापूर्वी तोंडी सांगितलं होतं. पाचव्या ओळीतलं नाव मी रामघाटावर आमच्या पंड्याच्या बहीत, पिढ्यांची नावं लिहिलेल्या चोपडीत, वाचलेलं होतं. बापाचं नाव तेच, गाव तेच. आमच्या वंशावळीत ते पहिलं नाव आहे. कलम घेऊन आलेले म्हणतात ते हेच. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, मोतद्दार.

म्हणजे पायरीवर बसलेला माणूस माझा भाऊबंद होता. आमच्यातलं कोणीतरी कधीतरी लिहायला शिकलं, गल्ली सोडून पुढच्या रस्त्याला गेलं, आणि मागे वळून पाहायचं नाही असं ठरवून बसलं.

"काय लिहिलंय?" आजोबांनी विचारलं.

मी म्हणालो, "घोड्यांची यादी आहे."

ते हसले. नातीला म्हणाले, "ऐकलंस? आमच्यापेक्षा घोड्यांची नोंद नीट ठेवली बघ दरबारानं." ती हसली नाही. तिनं विचारलं, "काका, घोड्यांना बापाचं नाव असतं का? तुम्ही आत्ता पुटपुटत वाचत होता, त्यात दर ओळीत 'अमका बिन तमका' येत होतं."

"चांगल्या घोड्याची पैदास लिहितात," मी म्हणालो. इतकं पटकन सुचलं, याची मला आजही किळस येते.

आजोबांनी कागद परत घेतला नाही. "तुमच्याकडेच ठेवा. इथं दीमक खाऊन टाकेल. विद्वानाच्या घरी राहिलेला बरा."

मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "मागच्या गल्लीचं काय? तेही पागेच्या वेळचे म्हणवतात."

"कागद नाही त्यांच्याकडे," मी म्हणालो. कागद माझ्या कपाटात होता.

पुस्तिकेत छापलं, मागची वस्ती नंतरची, मिलच्या काळातली. शिरगणतीत ती अकरा घरं धरली नाहीत. मी बराच काळ स्वतःला समजावलं, की मंडळातल्या जुन्या लोकांना ते पचलं नसतं, उगाच वाद झाला असता. ते खरं नाही. मला कोणी काही विचारलंच नसतं. मला ते पहिलं वाक्य बदलायचं नव्हतं, एवढंच होतं.

प्रकाशनाला आजोबा आले, बुलाव्याविना. धुतलेला सदरा, मागची खुर्ची. नातीनं त्यांना पुस्तिकेतलं मागच्या गल्लीचं पान वाचून दाखवलं. पंगत बसायच्या आधी ते उठले आणि वाटेत माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता बोलणार.

"मास्साब, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "आमच्या माणसांचा कागदच नव्हता तर तुम्ही तरी काय लिहिणार."

मी म्हणालो, "जेवून जा न."

"नको, उशीर होतो." दुपारचा एक वाजला होता.

दुसऱ्या वर्षी ते गेले. मी अंत्ययात्रेबरोबर घाटापर्यंत गेलो. नात्यानं मला सुतक होतं. मी ते धरलं नाही. घाटावर सगळे म्हणाले, मास्साब मोठ्या मनाचे, गल्लीतल्या माणसासाठी आले.

नात आता माधव नगरच्या एका दवाखान्यात नोकरी करते. परवा बीपी बघायला गेलो, तर पट्टा बांधता बांधता म्हणाली, "काका, आजोबांचा तो घोड्यांचा कागद अजून आहे न तुमच्याकडे?"

"आहे," मी म्हणालो.

"असू द्या. पण एकदा पूर्ण वाचून दाखवा मला. आजोबांनी घोड्यांचं ऐकून घेतलं, मला नाही पटलं."

तो कागद खरा काय आहे, ते आजोबांनीही ऐकलेलं नाही. मला तो कागद तिला परत द्यायचा आहे, चौथी आणि पाचवी ओळ जशी आहे तशी वाचून दाखवायची आहे, आणि पुस्तिकेतलं ते पान मी खोटं लिहिलं, हे मंडळात उभं राहून सांगायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.