बशीतला चहा

अमरावतीतल्या एका मध्यस्थी केंद्रात भागीरथाताई नवरा-बायकोची प्रकरणं चाळायच्या. कोणतं जोडपं समझोत्यासाठी समोरासमोर बसवायचं आणि कोणतं थेट न्यायाधीशांकडे धाडायचं, हे त्या ठरवायच्या. बावीस वर्षं झाली. छापील प्रश्नावली होती, पण ताईंचा जीव तिच्यात नव्हता. त्यांची परीक्षा निराळी. दोघांत एकच कप चहा मागवायचा, सोबत एक बशी. नवऱ्याने बशी आधी बायकोपुढे केली, की मायेची ओल शिल्लक आहे असं समजायचं. या परीक्षेचा त्यांना भारी तोरा. केंद्रातल्या नव्या मुली हसल्या तर म्हणायच्या, "कागदाले काय समजते वं?"

परवा दर्यापूरकडचे मनोज आणि करिश्मा आले. मनोजने चहा बशीत ओतला, फुंकर मारली, बायकोपुढे धरला. करिश्माने तो एका दमात संपवला. ताईंना भरून आलं. 'मध्यस्थीस योग्य' असा शेरा त्यांनी तिथल्या तिथे मारून टाकला.

दोघांना वेगवेगळं विचारायचा नियम तेवढा उरला होता. मनोज बाहेर गेला. ताई कौतुकाने म्हणाल्या, "किती जपते वं तो तुले!"

करिश्माने दार नीट लागलंय ना, हे दोनदा पाहिलं. मग हळूच बोलली, "मॅडम, तो असाच देते. मी नाही घेतला, तं तोच चहा अंगावर टाकते." तिने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून चुरमडली होती.

पोरगी भीतीने प्यायली होती, आणि आपण तिला त्याच्यासमोर कोंडायला निघालो होतो! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं ताईंना.

त्यांनी शेरा खोडला, 'अयोग्य, जिवाला धोका' असं लिहिलं. मनोजला पुढच्या बाकावर बसवून ठेवलं आणि संरक्षण अधिकारी बाईंना बोलावून करिश्माला मागच्या दाराने ऑटोत बसवून दिलं.

मग त्यांना आठवली अपेक्षा नावाची एक पोरगी. चार वर्षांपूर्वी तिनेही बशी अशीच गटागटा संपवली होती, आणि ताईंनी हसत हसत तिला नवऱ्यासोबत घरी धाडलं होतं. त्यांनी जुनी फाइल काढली, तिच्या माहेरचा नंबर लावला. फोन म्हाताऱ्या आईने उचलला.

"अपेक्षा आहे का?"

"आता काहून इचारता बाई? तिले जाऊन तीन वर्सं झाली. तुमी कोन?"

ताईंना आपलं नाव सांगता येईना.