पॅकिंग शेडातले फ्रेंच पफ

बारामतीच्या माझ्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा फ्रेंच चीज पफ केले, तेव्हा ते ओव्हनमधून बाहेर आले, पाचेक मिनिटं गोल दिसले आणि मग एकेक करून खाली बसले. त्यांचं खरं नाव गुजेर. तिकडं म्हणे जेवणाच्या आधी पाहुण्यांपुढं ठेवतात. लिंबाएवढा गोळा, वरून खरपूस, आतून पोकळ, चिजाच्या वासाचा. माझे खरपूस होते, वासही होता, पण गोल आणि पोकळ काही नव्हते. तरी रविवार होता म्हणून डब्यात भरले आणि माहेरी घेऊन गेले.

माहेर इंदापूर तालुक्यात, हायवे सोडून पाच-सहा किलोमीटर आत. वडिलांना सगळी वस्ती तात्या म्हणते, मीही तेच म्हणते. वय एकाहत्तर. शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आणि बाकी रानात पेरू. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे आमच्या घरात अंडं येत नाही. तिनं डबा उघडायच्या आधीच विचारलं, "अंडं हाय का ह्यात?" मी हो म्हटल्यावर तो बाहेर ओट्यावर गेला.

ओट्यावर तात्यांनी एक पफ उचलला, उलटा करून बूड पाहिलं, उजेडाकडं धरला आणि मग खाल्ला.

"चव बरी हाय. पर हे असं चपटंच असतंय का?"

"नाही. फुगायला पाहिजे होतं."

"मग फुगलं का न्हाय?"

"होतं असं कधी कधी," मी म्हणाले.

हे उत्तर मी द्यायला नको होतं. एका साली मिरचीची पानं वळायला लागली तेव्हा सगळी वस्ती "हवामान हाय, व्हतं कधी कधी" म्हणून गप्प बसली होती. तात्या पिशवीत पानं घालून एसटीनं तीन गावं फिरले आणि पानांतला रस शोषणारा, डोळ्यांना न दिसणारा कोळी शोधून काढूनच घरी आले. कारण कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

सोमवारी मी कॉलेजात तास घेऊन बाहेर पडले तर फोनवर त्यांचे चार मिस्ड कॉल. मला वाटलं आईला काही झालं. लावला तर म्हणाले, "ते फुगतंय कशानं? सोडा घातलावता का?"

"सोडा नसतो त्यात. पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिनं फुगतं."

"म्हंजे आतली वाफ बाहेर यायच्या आत वरचं कवच धरलं पायजे."

मी चार व्हिडिओ पाहून जे समजून घेतलं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी म्हणाले, "तात्या, तुम्ही कधी चहा तरी केलाय का?"

"च्याचा काय संबंध?" ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बुधवारी ते इंदापूरच्या बाजारात जाऊन आले. कृतीत जे चीज सांगितलं होतं, त्याचं नाव मी त्यांना मेसेजवर मराठीत लिहून पाठवलं होतं, ग्रुयेर. तात्यांनी तो मोबाईल पाच दुकानांत दाखवला. एका दुकानदारानं ते औषधाचं नाव समजून पुढच्या कृषी केंद्रात पाठवलं. कृषी केंद्रवाल्यानं विचारलं, "कुठल्या रोगावर हाय?" शेवटी बेकरीतल्या माणसानं पिझ्झ्यावरचं किलोभर चीज दिलं आणि तात्यांनी मला फोनवर कळवलं, "फ्रान्सचं न्हाय गावलं. हितलंच घेतलंय. गाय तितं बी गवातच खाती."

रविवारी मी माझा ओव्हन गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला आणि निघाले. आईनं तो अंगणातच अडवला. "ती पेटी घरात न्हाय यायची," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, नुसती दारात उभी राहिली. तात्यांना हे अपेक्षितच होतं. त्यांनी आदल्या दिवशीच मिरचीचं पॅकिंग शेड झाडून, धुऊन ठेवलं होतं. टेबलावर स्वच्छ धोतर अंथरलं होतं. कोपऱ्यात पॅकिंगला येणाऱ्या बायकांच्या चहाची गॅसशेगडी होती. मोठा टोप घासून पालथा घातला होता. अंड्यांचा ट्रे क्रेटवर ठेवला होता आणि मधोमध मिरची तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता.

"लोणी शंभर ग्रॅम, मैदा दीडशे," मी कागदावरून वाचलं.

तात्यांनी लोण्याचा तुकडा काट्यावर ठेवला. काट्यानं शून्य दाखवलं. अजून थोडं ठेवलं, तरी शून्य. क्रेट तोलायचा काटा तो, दोनशे ग्रॅमच्या खाली त्याला काही जाणवतच नाही. मी म्हणाले, वाटीनं मोजू. वाटी म्हणताच तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी वाटी हा शब्द परत काढला नाही.

"पाचपट करू," ते म्हणाले. "मंग काट्याला कळंल."

"तात्या, पाचपट म्हणजे दीडशे पफ होतील. ओव्हनमध्ये एका वेळी पंधरा बसतात."

"बसू देत. दिवस मोकळाच हाय."

अर्धा किलो लोणी, पाऊण किलो मैदा, सव्वा लिटर पाणी, वीस अंडी. पाण्यात लोणी आणि मीठ घालून टोप शेगडीवर चढला. पाण्याला उकळी फुटल्यावर सगळा मैदा एकदम ओतायचा आणि जोरात घोटायचं, असं कागदावर होतं. घरातली उलथनी मिळणार नव्हती, म्हणून तात्यांनी कुदळीचा नवाकोरा दांडा धुऊन ठेवला होता. ते घोटायला लागले. मी दोन्ही हातांनी टोप धरला होता, तरी तो शेगडीवरून सरकत होता.

"आवं, तशी न्हाय," मागून आईचा आवाज आला. ती शेडाच्या उंबऱ्याबाहेर उभी होती, आत पाऊल न टाकता. "ती उकड हाय. कडंनं घ्या, मधी आणा, दाबा. मोदकाला आमी काय करताव मग?"

मी टोपात पाहिलं. खरंच ती उकड होती. तांदळाच्या पिठाच्या जागी मैदा, एवढाच फरक. मी इतके व्हिडिओ पाहिले आणि दर चतुर्थीला मोदक वळले, तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तात्यांनी आईच्या सांगण्याप्रमाणं कडेनं घेतलं, दाबलं. गोळा टोपापासून सुटला. त्यांनी लगेच पहिलं अंडं उचलून टोपाच्या काठावर आपटायला हात नेला.

"थांबा," आई म्हणाली. अंड्याकडं न बघता, छताकडं बघत म्हणाली. "वाफाळत्या उकडीत घालाल तर शिजंल ते. हात ठिवून बघा, सोसतंय का. मग काय घालायचं ते घाला, मी चालले."

पण गेली नाही. तिनं उंबऱ्याकडं पाठ केली आणि रानाकडं बघत उभी राहिली. वीस अंडी फुटून घोटून होईपर्यंत ती तशीच उभी होती. मधून मधून विचारायची, "सैल झालं का? दांडा वर उचलल्यावर पडतंय का लटकतंय?" शेवटी तात्या म्हणाले, "लटकतंय." मग ती म्हणाली, "बास."

किसलेलं चीज मिसळलं, ट्रेवर गोळे टाकले आणि पहिले पंधरा ओव्हनमध्ये गेले. वीस मिनिटांनी बाहेर आले ते पेढ्यांसारखे, बसके. दुसऱ्या खेपेचंही तेच. मी म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, होतं असं." तात्यांनी ओव्हनच्या काचेला हात लावून पाहिला, आतल्या तापणाऱ्या दांड्यांकडं वाकून पाहिलं. त्या लाल नव्हत्या, विटकरी होत्या. ते उठून विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीकडं गेले आणि परत आले.

"होल्टेज एकशे सत्तर," ते म्हणाले. "दहाला शेतीची लाईट आली. सगळ्यांच्या मोटारी चालू हायत. तुझी पेटी तापतीच कुठं?"

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि आमच्या डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरून लाईट घेणाऱ्या, एकेका शेतकऱ्याला फोन लावायला सुरुवात केली. मी ऐकत होते. "आरं, अर्धा तास मोटर बंद ठिव. न्हाय, जळाली न्हाय. न्हाय, वायरमन बी न्हाय. पोरगीनं फ्रेंच पदार्थ केलाय, त्यो फुगंना." प्रत्येक फोनमध्ये पदार्थ पोरीचा होता. मला लाजेनं कुठं बघावं कळेना. पुढच्या रविवारी ह्या रस्त्यानं येताना हे सगळे बांधावरून माझ्याकडं बघणार होते.

सहा मोटारी बंद झाल्या. शेडात इतकं शांत झालं की कबुतरं ऐकू यायला लागली. ओव्हनमधल्या दांड्या लालभडक झाल्या. तिसरी खेप आत गेली आणि पाठोपाठ मोटारींचे मालक यायला लागले, कारण आपण पाणी कशासाठी थांबवलंय हे त्यांना बघायचं होतं. कुणी गमबूट घालून, कुणी खांद्यावर फावडं. त्यातले एक आबा तात्यांहून वयानं थोर, ते क्रेट पालथा घालून ओव्हनपुढं बसले. बाकीचे मागं वाकून काचेतून बघत होते. म्हैस व्यायला झाली की गोठ्यात माणसं उभी राहतात तशी सगळी उभी होती.

"हललं," आबा म्हणाले.

खरंच हललं होतं. एक गोळा एका बाजूनं वर आला, मग शेजारचा. काही मिनिटांत पंधराच्या पंधरा फुगले, वर चिरा पडल्या, सोनेरी झाले. आबांनी दार उघडायला हात नेला, तेव्हा तात्यांनी त्यांचं मनगट धरलं. गावात आबांचं मनगट धरणारं कुणी उरलेलं नाही. पण आबाही गुमान मागं सरले.

ट्रे बाहेर आला. सगळे ते बसतात का याची वाट बघत होते. एक मिनिट झालं, दोन झाली, पफ तसेच होते. तात्यांनी एक फोडला. आत पोकळ.

"ह्यात तर काईच न्हाय," एक शेजारी म्हणाले.

"न्हायच पायजे," तात्या म्हणाले, जणू फ्रान्समध्ये जन्म गेला होता. "आत वारं ऱ्हातंय."

दुसऱ्या शेजाऱ्यांना हे पटलं नाही. त्यांनी पिशवीतल्या न्याहारीच्या फडक्यातून हिरवा ठेचा काढला, बोटानं त्या पोकळीत भरला आणि खाल्ला. मग तो ठेचा सगळ्यांकडं फिरला. मी पण खाल्ला. खरं सांगायचं तर मूळ पदार्थापेक्षा बरा लागला, पण तात्यांच्या समोर तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अर्ध्या तासासाठी थांबलेल्या मोटारी दोन वाजेपर्यंत बंद राहिल्या. शंभराच्या वर पफ तिथंच संपले.

सगळे गेल्यावर मी टोप घासायला घेतला. आई अजून बाहेरच्या बाजेवर बसली होती. सकाळपासून उंबऱ्याबाहेर राहून ती आमच्याइतकीच राबली होती आणि तिला एक घासही मिळाला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी काही म्हणायच्या आत तात्यांनी फळीवरून एक झाकलेली वाटी काढली. आत मुठीएवढा गोळा होता, नुसत्या उकडीचा, अंडी पडायच्या आधी बाजूला काढलेला. ओलं फडकं घातलेलं होतं. कधी काढला ते मी शेजारी उभी असून पाहिलं नव्हतं.

"हे निर्मळ हाय," त्यांनी आईला सांगितलं. "दांड्याला अंडं लागायच्या आधीचं."

आईनं वाटी हुंगली. चीज किसलेलं थोडं उरलं होतं, तेही अंड्यापासून लांब, वेगळ्या ताटलीत. तिनं दोन्ही घेतलं आणि घरात गेली. थोड्या वेळानं ताटलीत लहान लहान तळलेल्या चकत्या घेऊन आली. बाजेवर बसून तिनं एक खाल्ली. तात्या समोर उभे होते, मिशीला मैदा तसाच.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

"लोणी-मैदा तर काट्यावर तोललंवतं," तात्या म्हणाले.

"काट्याला काय कळतंय चवीतलं." तिनं दुसरी चकती उचलली आणि ताटली त्यांच्याकडं सरकवली. ते तिच्या शेजारी बसले, दोघांनी मिळून ती संपवली, आणि मला कुणी विचारलंच नाही.

निघताना तात्यांनी उरलेले पफ मिरचीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून दिले. दोन थर, मध्ये कागद. वरच्या थरात एकसारखे, खालच्या थरात वेडेवाकडे. खोक्यावर पेनानं लिहिलं होतं, वर एक नंबर, खाली दोन नंबर. एक नंबर कॉलेजातल्या लोकांना द्यायचे, दोन नंबर आपल्या घरी खायचे, असं त्यांनी गाडीच्या काचेतून मला दोनदा बजावलं.