एकवीस किल्ल्या, बेचाळीस गोंडे

मालनला आनंद झाला की तिला आधी भूक लागते. त्या दिवशी मध्य प्रदेशातल्या सतवासच्या बाजारातून ती आली ती स्कूटी धड उभी न करताच स्वयंपाकघरात शिरली. सकाळची गार पोळी गुळाशी खात खात, तोंडात घास असतानाच तिनं ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांना सांगितलं, “मामंजी, एकवीस ट्रॅक्टर!”

बापूंनी टीव्हीवरची नजर काढली नाही. “कुठं उलटले?”

उलटले नव्हते, यायचे होते. एजन्सीवाला दीपेश दसऱ्याच्या दिवशी एकवीस नवे ट्रॅक्टर गिऱ्हाइकांच्या हाती देणार होता आणि प्रत्येक किल्लीला त्याला हवा होता लोकरीचा गोंडा. बैलाच्या कपाळावर असायचा तसाच अस्सल, फक्त बोटभर लांब.

मालन मूळची मनावर गावची. लग्न होऊन इथं आल्यापासून घरबसल्या कीचेन करायची. क्रोशाचे हत्ती, मण्यांत ओवलेली नावं, बटणांचे डोळे लावलेली घुबडं. राखीच्या सुमारास ती जरा खपायची, एरवी स्टेशनरीच्या दुकानात तारेला टांगून धूळ खायची. दीपेश त्या दुकानात झेरॉक्स काढायला आला, हत्तींकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही आणि काउंटरवर पडलेली, गोंडा लावलेली मालनच्या स्कूटीची किल्लीच उचलली.

“भाभी, ये फुंदा किसने बनाया? एक नंबर चीज है!”

“घर का ही है, भिया.”

“दशहरे तक इक्कीस बना दोगी?”

“हओ, बना देंगे!”

इथंच तिनं घोळ घातला. गोंडा घरचाच होता, पण बापूंच्या हातचा होता. जुन्या ट्रंकेत सापडलेला बैलाचा गोंडा तिनं खालून छाटून किल्लीला अडकवला होता. लोकर कापणं, विंचरणं, रंगाला रंग जुळवणं तिला छान यायचं. वरची गाठ मात्र येत नव्हती. बैल मान झटको, शिंगं घासो की पावसात भिजो, न सुटणारी अशी ती गाठ साऱ्या मुलखात एकट्या बापूंना यायची आणि त्यांनी ती कुणालाच शिकवली नव्हती. बाईनं हो म्हणून टाकलं ते दुसऱ्याच्या बोटांच्या भरवशावर.

बापूंचे पणजोबा धारला आले ते पागेतल्या घोड्यांचा साज विणायला. घोडे गेल्यावर घराणं सतवासला येऊन बैलांकडे वळलं. बापूंच्या उमेदीत पोळ्याच्या आधी आठ दिवस या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. गोंडे, कासरे, मोरक्या, घुंगरमाळा, पार पीपलरावां गावापासून गिऱ्हाईक यायचं. मग शेतात ट्रॅक्टर आले आणि अंगण रिकामं झालं. बापू ट्रॅक्टरचं नाव घेत नाहीत. भांडून वेगळ्या झालेल्या भावाला म्हणावं तसं त्याला ‘तो’ म्हणतात.

“त्याला कपाळ कुठं असतं?” बापूंनी विचारलं.

“कपाळाला नाही हो, किल्लीला लावायचेत.”

“बैलाला किल्ली नसते,” बापू म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मालनही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती लोकर घेऊन बरोबर टीव्हीच्या खाली जाऊन बसली आणि गाठी मारू लागली. चुकीच्या, एकीपेक्षा एक गचाळ. गाठ मारायची, ओढायची, गोंडा हातात निसटून यायचा, पुन्हा मारायची. पहिला दिवस बापूंनी दात ओठ खाऊन काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना राहवेना.

“अगं, गाठ आहे की कावळ्याचं घरटं? आण इकडं!”

मालननं लोकर त्यांच्या मांडीवर टाकली खरी, पण तेवढ्यात बापूंना आठवलं. “आणि हे पितरांचे दिवस. पक्षात कुणी नवं काम काढतं का?”

“नवं कुठंय मामंजी? आपलं जुनंच तर आहे.”

बापूंनी लोकर हातात घेतली. मग त्यांनी अट घातली. गोंडा करायचा तो जोडीनं. या घरात एकटा गोंडा बांधायचा तो फक्त जोडीदार मेलेल्या बैलाला. गिऱ्हाइकाला एकटा कधी दिलेला नाही, देणारही नाहीत. एक जरी जोडीवेगळा गेला, तर पुन्हा लोकरीला हात लावणार नाहीत आणि गाठ त्यांच्याबरोबर वर जाईल.

“म्हणजे बेचाळीस?” मालननं बोटांवर हिशेब केला. पण बापूंच्या हातात लोकर होती. ती घाईघाईनं म्हणाली, “चालेल!”

मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! पितृपक्षात कुणी नवी गाडी घेत नाही म्हणून एजन्सीत शुकशुकाट होता, आणि इथं बापूंच्या ओसरीवर लाल, पिवळ्या, हिरव्या लोकरीचा पूर आला होता. बापूंचा हात थरथरायचा, पण सूत पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलं की थरथर थांबायची. गाठ मारताना ते पाठ करून बसत, मालनला दिसू देत नसत. बाकी सगळ्यात मात्र नाक खुपसत. हा पिवळा मेलेला आहे, झेंडूसारखा आण. घुंगरू एकच लाव, नवरीचं पाऊल आहे का ते! टीव्ही बंदच झाला. मालनचा नवरा गणपत देवासला कारखान्यात असायचा, तो शनिवारी आला तर वडील ताठ बसून गुणगुणताना दिसले. त्यानं बायकोला बाजूला घेऊन विचारलं, “काय खायला घातलंस यांना?”

दसऱ्याला मालन नवी साडी नेसून, पिशवीत बेचाळीस गोंडे घेऊन एजन्सीत हजर झाली. अंगणात झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर रांगेनं उभे होते. नारळ फुटत होते, ढोल वाजत होता. दीपेशनं गोंडे पाहिले आणि टाळीच वाजवली. पण एकवीस मोजून घेतले आणि बाकीचे मागं सारले.

“भाभी, जोडी का क्या करूँगा मैं? एक ट्रॅक्टर, एक फुंदा!”

मालननं ते परत पिशवीत भरले. अकरा वाजता गणपत बापूंना मोटारसायकलवर घेऊन येणार होता, ‘आपले गोंडे बघायला’. पिशवीत जोडीविना उरलेले एकवीस बघून म्हातारा काय म्हणेल हे तिला पाठ होतं. लपवावेत कुठंतरी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण बापूंशी खोटं बोलायचं म्हटल्यावर तिलाच रडू फुटायला लागलं.

पहिला ट्रॅक्टर उमाशंकर नावाच्या शेतकऱ्याचा. दीपेशनं त्याच्या हातात गोंड्याची किल्ली ठेवली, फोटो काढला. मग पाकिटातून दुसरी किल्ली काढली, कंपनीकडून नेहमी दोन येतात तशी. ती बोडकीच होती. उमाशंकरनं न बघता ती मागं उभ्या असलेल्या बायकोला, नीतूला दिली. घरात कपाटात ठेव म्हणाला.

नीतूनं आधी आपल्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या.

“म्हारी चाबी में फुंदो क्यूं नी हे? ट्रॅक्टर काईं थारो अकेला को हे?”

सगळे हसले, उमाशंकर लाजला आणि मालनचा हात पिशवीत गेलासुद्धा! तोच लाल, तोच पिवळा, तेच एक घुंगरू. तिनं नीतूच्या किल्लीला गोंडा बांधला आणि त्या आनंदात तिला एकदम भूक लागली. नवरा-बायको दोघांनी आपापली किल्ली उंच धरली आणि फोटो पुन्हा निघाला. मग काय विचारता! दुसऱ्याची आई पुढं सरली, तिसऱ्याची बहीण. “हमारी जोड़ी कहाँ है?” जो तो हेच विचारू लागला. आठव्या ट्रॅक्टरपर्यंत दीपेश सगळ्यांना सांगत होता की जोडीची आयडिया मुळात त्याचीच.

बापू आले तेव्हा पिशवीत चारच गोंडे उरले होते. ते मोटारसायकलवरून उतरले ते थेट एका ट्रॅक्टरपाशी गेले, किल्लीचा गोंडा मुठीत धरून दोनदा हिसडला. गाठ हलली नाही. मग घराकडे निघालेल्या बाईच्या मुठीतल्या जोडीदार गोंड्याकडे बघत राहिले.

“मामंजी,” मालनला धीर धरवेना, “दिवाळीला तीस जोड्या मागतायत!”

“तीस?” बापूंनी आपले हात पुढं धरून पाहिले. “माझ्यानं व्हायच्या नाहीत.”

मालनचा चेहरा उतरला. ढोल वाजत होता, दीपेश कुणाला तरी पेढा भरवत होता आणि तिला काही ऐकू येईना.

बापू एजन्सीच्या पायरीवर बसले. तिच्या पिशवीतून उरलेल्या लोकरीचं टोक ओढून काढलं आणि शेजारच्या पायरीवर हात आपटला.

“बस इथं. तोंड माझ्याकडे कर. नीट बघ, मी दोनदा दाखवणार नाही.”

नऊ वेळा दाखवली.