प्रदर्शनाला गेलेलं कुंकू

माझं चित्र ज्या प्रदर्शनात लागलं, त्याच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक टपालानं मंठ्याला आलं तेव्हा मी शाळेत होते. घरी येईपर्यंत सासूबाईंनी अर्धी गल्ली जमवलेली.

मी चित्रकलेची बाई. लिनोच्या मऊ लादीवर चित्र कोरायचं, शाई लावायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं, हा माझा उद्योग. मागं युरोपातल्या त्या छापचित्रांच्या प्रदर्शनाला पाठवायची प्रत दोरीवर वाळत होती, तर सासूबाईंनी तिला कुंकू लावलं. आमच्याकडं नवा मिक्सरसुद्धा कुंकवाशिवाय चालू होत न्हाई. ओल्या शाईत बोट फिरलं आणि माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोलले.

"चांगलं व्हावं म्हून लावलं गं," त्या एवढंच म्हणाल्या.

मी गुपचूप दुसरी प्रत काढून पाठवली. कुंकवाची प्रत वरच्या फळीवर पाहुण्यांच्या कपांखाली उलटी अंथरली. चांगला कागद वाया कशाला घालवायचा? चित्र निवडलं गेलं, आणि आपलं कुंकू साता समुद्रापार गेलं असं सासूबाईंनी गावभर केलं. खरं सांगायची माझी बिलकुल हिंमत झाली न्हाई.

आता बायकांना मी पुस्तकातलं सांगत होते. लढाईत पडझड झालेल्या शहरात, शाळेच्या एका खोलीत ते प्रदर्शन सुरू झालं. छापचित्र टपालानं जातं, म्हणून लांबलांबच्या गरीब देशांतूनही लोक पाठवत गेले. मग माझं पान आलं. सासूबाईंनी चष्मा लावून चित्राच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"माझं कुंकू न्हाई दिसत."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिकडं पुसून घेतात, आई," मी म्हणाले. त्या परक्या लोकांवर खुशाल ढकलून दिलं.

त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेल्या. एवढ्या जणी म्हटल्यावर पाहुण्यांचे कप निघणारच, हे मला उशिरा सुचलं. तोवर आत कप वाजायला लागले होते. बऱ्याच वेळानं त्या ट्रे घेऊन आल्या. माझ्याकडं न बघता एकेकीला कप देत म्हणाल्या, "पुसत्यात म्हणे तिकडं. त्यांची रीतच हाय तशी."

बायका गेल्यावर मी फळी बघितली. कपांखालचा कागद नव्हता. तो देवघरात होता, धूळ झटकून, सुलटा ठेवलेला. अजूनही तो तिथंच आहे. दिवा लावायची पाळी माझी असली की मी खाली मान घालून लावते.