लाल नाडीची गौर

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सरांनी मला दोन फुलझाडांची तुलना करायला दिली: कूळ कोणतं, वाढतं कुठं, टिकून किती आहे. मी पहिला तेरडा घेतला, कारण तो शोधावा लागत नाही. बेळगुंदीत आमच्या बांधावर, गटाराच्या कडेला, ओल दिसेल तिथं तो माजतो. पिकलेल्या बोंडाला नुसता हात लागला तरी बी उडतं. दुसरं कंदीलपुष्प. रुईच्या कुळातला नाजूक वेल, फूल कंदिलासारखं, आणि हट्ट खडकाळ गवताळ उताराचा. गुराखी त्याचा गोड कंद उकरून खातात, त्यामुळं आधीच दुर्मिळ. अख्खा पावसाळा गावामागची टेकडी पालथी घातली तेव्हा मला एकच वेल सापडला.

त्याच उतारावर निलगिरी लावायला खड्डे काढणं सुरू झालं होतं. वेलाला शिंगांसारख्या दोन हिरव्या शेंगा धरल्या होत्या. त्या पिकल्या की बी कॉलेजच्या बागेत पेरायचं, म्हणजे उतार गेला तरी वेल जगेल, एवढाच ध्यास मी घेतला होता. गवतात पुन्हा सापडावा म्हणून वेलाला फायलीची लाल नाडी बांधून ठेवली.

गौरीला मी बेळगावहून घरी आले, तर थोरल्या आत्तीनं गौर आणून बसवलीही होती. आमच्याकडे गौर म्हणजे मुळासकट उपटलेला तेरडा. मुळं ही तिची पावलं. डौलदार रोप दिसलं की आधीच दोरा बांधून राखायचं, ही आमच्या घरची रीत. तेरड्याच्या मधोमध माझा वेल होता. नाडीसकट, शेंगांसकट, कंदासकट.

"आत्ती, ह्यो येल कुठनं आणलास गं?"

"टेकडीवरनं. तुझ्या फायलीची नाडी वळखली मी. म्हटलं, पोरगी कॉलेजात जाऊनबी रीत इसरली न्हाय. गुडघं लई दुखत हुतं, तरी गेलते बघ."

ती इतकी खूश होती की मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले. सगळा राग आईवर काढला. शेंगा गेल्या, निदान कंद तरी आत्ताच मातीत घालू दे, म्हणाले.

"बसल्याल्या गौरीला हात लावतीस व्हय गं?" आई म्हणाली.

विसर्जनापर्यंत मी वेल सुकताना बघत आरतीला उभी राहायची. नुसती चरफडत होते. चूक कुणाचीच नव्हती, म्हणून जास्तच चीड येत होती.

विसर्जनाच्या वेळी विहिरीवर आत्तीनं कंद तेवढा तोडून माझ्या हातात ठेवला. "पावलं तू ठेव," म्हणाली. माझं तोंड तिनं बघितलंच असणार.

कंद कॉलेजच्या कुंडीत जगला. पावसाळ्यात कंदील लागायचे, पण शेंग कधी धरली नाही. टेकडीवर मला न सापडलेला एखादा जोडीदार असणार; इथं परागाला दुसरा वेलच नव्हता. टेकडीवर निलगिरी उंच झाली. तेरडा बांधावर होता तसाच माजत राहिला. कॉलेज सुटल्यावर एकदा कुंडी बघायला गेले, तेव्हा सरांनी मला तिच्यासाठी पाटी लिहायला सांगितली: नाव, कूळ आणि आढळ, म्हणजे झाड कुठं सापडतं ते. पहिली दोन भराभर लिहिली. तिसऱ्यापुढं बराच वेळ खडू धरून बसले आणि मग चिडून लिहिलं, 'ही कुंडी'.